अर्धं शेत खाडीला

माझा नवरा लढाईवर कधी गेला नाही. लढाई संपल्यावर ज्यांना बोलावतात, त्या माणसांतला तो. पोकलेन चालवायचा. आधी जासईच्या बाजूला कंटेनरची यार्डं उभी राहत होती तिथे, मग एका एजंटाने कुवेतचं काम म्हणून नेलं आणि तिथून सीमेपलीकडे, इराकात, बसऱ्याजवळ पोहोचवलं. मला हे कळलं तोवर तो तिथे रुळलासुद्धा होता. "कुवेतलाच आहे गं, थोडा वरच्या बाजूला," असं तो फोनवर म्हणाला. मी शिकवणीच्या मुलांना गणितं घातली आणि त्यांच्याच भूगोलाच्या नकाशात ती वरची बाजू शोधली. सापडल्यावर त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्ही कामोठ्याला राहायचो. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घ्यायचे. माझं माहेर पनवेल शहरातलं, त्याचं गाव खाडीकाठचं, रिक्षाने गेलं तर फार लांब नाही. सासू-सासरे तिथेच. माझ्या नाकावर राग असतो हे दोन्ही घरांना लग्नाआधीपासून माहीत होतं. पण त्या वर्षांत राग कमी आणि धाकधूकच जास्त होती. टीव्हीच्या खालच्या पट्टीत बसरा हे नाव सरकलं की मी खडू हातात धरून तशीच उभी राहायचे आणि मुलं माझ्याकडे बघत राहायची. शेजारच्या भाभी कोकणी मुसलमान, त्यांचे मियाँ खरोखरच्या कुवेतला. त्या मला चहा देत म्हणायच्या, "बाई, माणूस परत येतो, पन त्याचं मन कस्टममधीच अडकून ऱ्हातं. सबर ठेवा." सबर हा माझा विषय कधीच नव्हता.

तिथे तो काय करत होता ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. बसऱ्याच्या पलीकडे म्हणे मैलोगणती पाणी होतं, त्यात वेळूसारखं उंच गवत, त्या गवताचीच घरं, आणि पोहणाऱ्या म्हशी. आधीच्या राजवटीने बंडखोर तिथे लपतात म्हणून बांध घालून ते पाणीच तोडलं. गवत वाळलं, म्हशी मेल्या, माणसं पांगली. लढाई संपली आणि लोकांनी बांध फोडले. जिथे कुदळीला ते फुटत नव्हते तिथे मशीन लागलं, आणि मशीनवर माझा नवरा. "बांध फोडायचे पैसे मिळतात बघ मला," तो हसून सांगायचा, "बाबांना सांगू नको." चिखलात लढाईतले न फुटलेले तोफगोळे असायचे, हे मात्र त्याने सांगितलं नाही. ते मी नंतर ऐकलं.

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगू नको म्हणाला, कारण आमच्याकडे बांध फोडणं हे पाप. आमचं शेत खाजण. म्हणजे खाडीचं पाणी बांधाने बाहेर ठेवायचं आणि आत भात करायचं. बांधाला एक लाकडी झडप, तिला उघाडी म्हणतात. पावसाचं पाणी ओहोटीला तिच्यातून बाहेर जातं, आणि भरती आली की भरतीच ती लावून टाकते. बांध एकाचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. उधाणाला कुठे बांध फुटला की "खांड पडली" अशी हाक जाते आणि घरटी एक माणूस निघतो. कोणाकडे लग्न असो, बारसं असो, घरटी एक माणूस. बाबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी एक नवरदेव हळदीच्या अंगाने चिखलात उतरला होता.

त्या श्रावणातल्या उधाणाला आमच्या शेतासमोरच खांड पडली. बाबा घरोघर फिरले. पण घरटी जो एक माणूस होता तो यार्डात होता, ट्रेलरवर होता, गेटवर शिफ्टला होता. फोनवर सगळे म्हणाले, आलो, आलो. आमच्या घरचा माणूस बसऱ्याला बांध फोडत होता. म्हणून मी गेले. शिकवणी सोडली, रिक्षा केली आणि चुडीदार खोचून रांगेत उभी राहिले. बायका आणि म्हातारे, एवढीच रांग. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जात होते आणि खांडीच्या तोंडाशी पाणी ते हसत हसत नेत होतं. संध्याकाळच्या भरतीला खांड घराएवढी रुंद झाली. बाबा बांधावर उभे होते. त्यांनी डोक्याचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि ते घरी निघाले.

त्यानंतर शेतात दिवसातून दोनदा खाडी यायला लागली. भात गेलं. दुसऱ्या पावसापर्यंत तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली, तिसऱ्यापर्यंत कमरेएवढी झाली. तिवरं तोडायची नाहीत असा हुकूम आलेला, त्यामुळे त्यांना हात लावायची सोय नव्हती. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, एक दिवस टोपली घेऊन शेतात उतरल्या. त्यांचं माहेर करंज्याकडचं, मासळीच्या वासात वाढलेली बाई. टोपलीभर निवटे, ते चिखलात उड्या मारणारे मासे, आणि पंजाएवढाले खेकडे, म्हणजे आमच्या चिंबोऱ्या, घेऊन आल्या. पुढे पुढे तर पनवेलच्या बाजारात नेऊन विकायला लागल्या. शेतात बगळे आले, कसले कसले रंगीत पक्षी आले. मला खरं सांगायचं तर ते शेत पहिल्यांदाच सुंदर दिसत होतं, पण हे बोलायची टाप नव्हती.

कारण बाबांनी ती चिंबोरी खायचं नाकारलं. घरात कालवण उकळत असायचं, वासाने शेजारीपाजारी येऊन डोकावून जायचे, आणि बाबा विकतच्या तांदळावर वरण ओतून घ्यायचे.

"माज्या शेतान भात पिकतं," ते म्हणायचे. "चिंबोरी पिकत नाय."

"खारीनं घरपोच आनून दिलंय तं खायाचं," आई म्हणायच्या; खाडीला गावात खारी म्हणतात. "रुसून कोनाचं पोट भरलंय?"

बाबा ताटावरून मान वर करायचे नाहीत. जो माणूस चिंबोरीचं कालवण म्हटलं की लग्नाच्या पंगतीतूनही उठून जायचा, त्याने ती तोंडाला लावली नाही. एक वर्ष नाही, नवरा परत येईपर्यंत नाही.

तो आला तेव्हा वाळला होता आणि कान जरा बहिरा झाला होता. रजेवर आलोय म्हणाला, पण रजा किती ते सांगेना. मला वाटलं, आता कायमचा राहील. राहावा, एवढंच मला पाहिजे होतं, दुसरं काही नाही. पण त्याच्या पायाला भिंगरी. सकाळी खाडीकडे, दुपारी गॅलरीत, जेवताना बोटाने ताटात रेघा. भातात एक आडवी रेघ काढायचा, तिच्यात बोटाने भोक पाडायचा आणि वरण एका बाजूने दुसरीकडे जातं का ते बघायचा. शिकवणीची मुलं खिदळायची. मला मात्र रडू यायचं आणि मग ओरडावंसं वाटायचं.

एकदा ओरडलेच, तेव्हा बोलला. बांध फोडून पाणी आलं, गवत आलं, पांगलेली माणसं म्हशी घेऊन परत आली. आता त्यांना घरं पाहिजेत, दवाखाना पाहिजे, सिमेंट यायला रस्ता पाहिजे. तर त्याच मशीनने त्याला त्याच पाण्यातून रस्त्याचा भराव घालायला लावला. रस्त्याखालून मोऱ्या ठेवायच्या होत्या, पाणी इकडचं तिकडे जायला. ठेकेदार म्हणाला, आधी रस्ता, मोऱ्या मागाहून. मागाहून म्हणजे कधीच नाही. रस्त्याच्या पलीकडे पुन्हा गवत पिवळं पडायला लागलं. तिथला एक म्हातारा रोज मशीनपाशी येऊन बसायचा आणि दोन्ही हातांचा गोल करून दाखवायचा, इथे, इथे भोक ठेव.

"मग?"

"मी त्याला हो म्हणालो. छातीवर हात ठेवून. मग रजा लागली."

"त्यात तुझा काय दोष? तू नोकर माणूस."

"माझ्या हाताने अडवलंय गं पाणी," तो म्हणाला. "रस्ता वाईट नाही. त्या रस्त्याने बाळंतिणी दवाखान्यात जातात. पण भोक राहिलं ना."

मी त्याच रात्री ठरवलं की ह्याला इथेच काम दिलं पाहिजे. आणि काम तर समोरच होतं. बापाचं शेत बुडालंय, मुलाच्या हातात मशीन आहे. शेत उभं राहिलं की हा त्या शेताला सोडून जाणार नाही, असा माझा सरळ हिशोब. मी नवऱ्याला घेऊन गावाला गेले, सासू-सासऱ्यांसमोर त्याला "तुम्ही" म्हणत (फ्लॅटमध्ये मी "तू" म्हणते, ते त्यांना माहीत नाही असं आम्ही सगळे धरून चालतो) विषय काढला. बाबांचे डोळे चमकले. खांड बुजवायची म्हणून ते उठूनच उभे राहिले.

"खांड नाही बुजवायची," नवरा म्हणाला. "बाहेर तिवरं उभी राहिलीत, त्यांचं पाणी नाही तोडायचं. मधोमध जुन्या आतल्या बांधाची खूण आहे, तिच्यावर नवा बांध उचलू. आतलं अर्धं भाताला. बाहेरचं अर्धं राहू दे तसंच."

"अर्धं शेत खारीला देयाचं?"

"दिलं कुठे? तिने घेतलंच आहे. आपण अर्धं परत घेतोय."

"दोनी डगरींवर हात ठेवतोस," बाबा म्हणाले. "असा मानूस मधी पडतो."

आई चुलीपाशी होत्या, त्यांनी मागे न बघता सांगितलं की मधी पडला तं चिखलात पडंल, काय मोडत नाय. बाबा उठून बाहेर गेले. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

अमावास्या-पौर्णिमेला भरती उधाणाची, आणि अष्टमीच्या आसपास ती लंगडी असते, तिला भांग म्हणतात. बांधाचं काम भांगावर करायचं. नवऱ्याचा एक दोस्त भरावाच्या कामावर होता, त्याने रविवारी मशीन दिलं. लाकडी ओंडके अंथरून ते शेतात उतरवलं. आणि मशीन बघायला म्हणून जे गाव जमलं, त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात, बघता बघता, चिखल आला. ज्यांनी श्रावणात फोनवर "आलो, आलो" केलं होतं ते आता आले. मी त्यांना टोमणा मारल्याशिवाय राहिले नाही. एकजण म्हणाला, "वयनी, उशीर झाला, पन आलो तं खरं." मी पुन्हा रांगेत. शेवटचं तोंड मशीनने बुजवायचं नाही, हाताने बुजवायचं, आणि पहिला गोळा गावातल्या वडीलधाऱ्याने ठेवायचा, अशी रीत. सगळे बाबांची वाट बघत थांबले. ओहोटी संपत आली होती. ते आले, कोणाकडे न बघता गोळा ठेवला, पायाने दाबला आणि घरी गेले.

दोस्ताकडे माणूस कमी होता, आणि मशीनच्या उपकाराची फेड करायची होती. नवरा भरावाच्या कामाला जायला लागला. मी खूश होते. रोज संध्याकाळी घरी, डब्यात माझ्या हातची भाजी, टीव्हीच्या पट्टीकडे बघायची गरज नाही. काम होतं खाडी बुजवून जमीन करायचं. डोंगर फोडून आणलेला मुरूम तिवरांवर टाकायचा आणि सपाट करायचा. तिकडे कसलंसं मोठं बांधकाम यायचं होतं, त्याला म्हणे तो तिवरांचा हुकूम लागत नव्हता. थोडेच दिवस झाले असतील, एक दिवस तो दुपारीच घरी आला आणि शिकवणीच्या मुलांमध्येच सतरंजीवर बसला.

"उद्यापासून जात नाही."

मी मुलांना घरी पाठवलं आणि माझं तोंड सोडलं. इथे राहायचं तर हेच काम आहे, म्हणाले. सगळी गावं हेच करताहेत, तूच काय मोठा राजा हरिश्चंद्र लागून गेलास. पोट काय तिवरं भरणार आहेत?

"तिथे पाणी अडवून आलो, इथे येऊन बुजवतोय," तो म्हणाला. "मला काय दुसरं येतच नाही का?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी माझी गत. मी फक्त म्हणाले की बाबांच्या बांधाला अजून पाऊस बघायचा आहे. निदान तोवर थांब.

तो थांबला. पावसाने आतल्या अर्ध्यातलं मीठ धुतलं. आषाढातलं उधाण आलं तेव्हा आम्ही सगळे जुन्या बांधाच्या तुटक्या टोकावर उभे होतो. पाणी तिवरांमधून आलं, बांधाला लागलं, चढलं, आणि थांबलं. नव्या बांधात बसवलेल्या उघाडीची फळी आपोआप लागली, तिचा आवाज ऐकू आला. बाबांनी बांधावरून एक फेरी मारली, दोन ठिकाणी पायाने दाबून बघितलं, एका ठिकाणी खेकड्याने पाडलेलं बीळ स्वतःच्या मुठीने बुजवलं. मग राता पेरला, खाऱ्या जमिनीतलं आमचं तांबडं भात. उगवला तोही रोगट, पिवळट, कुठे आहे कुठे नाही. पण उगवला. मी देवाला नारळ बोलले होते, तो फोडला. माझ्या मते प्रश्न मिटला होता.

कापणी झाली, भात कांडून आलं आणि एका रविवारी आम्ही गावाला जेवायला गेलो. आईंनी तांबडा भात शिजवला होता, वाफेसकट ताटात पडला. शेजारी बाहेरच्या अर्ध्यातल्या चिंबोऱ्यांचं कालवण, आणि बाबांसाठी नेहमीप्रमाणे वेगळ्या वाटीत वरण. बाबांनी भाताचा एक घास नुसताच खाल्ला. बराच वेळ चावला. मग वरणाची वाटी हाताने बाजूला सारली.

"कालवन वाढ," ते म्हणाले.

आईंनी वाढलं. बाबांनी नांगी दाताखाली फोडली, चोखली, पुन्हा भात घेतला. आम्ही कोणी जेवत नव्हतो, त्यांच्याकडे बघत होतो. माझ्या मनात आलं, झालं, आता हा बाप आणि हा मुलगा आणि हे शेत, कोणी कुठे जात नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी नवऱ्याकडे बघून हसलेसुद्धा.

बाबांनी दुसरी नांगी उचलली आणि मुलाकडे न बघता म्हणाले, "तिकरचा म्हातारा जेवत नसंल अजून."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्या म्हाताऱ्याची गोष्ट त्याने मला सांगितली होती, मी आईंना, आणि आईंनी कधीतरी चुलीपाशी बाबांना. बाबांनी ती इतके दिवस धरून ठेवली होती.

"भोक ठेवीन म्हनालास ना त्याला?"

"हो."

"मंग जा. मोरी घालून ये."

मला राग आला. मला बाबांचा इतका राग आला की ताटावरून उठले आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. ह्या माणसासाठी मी दोनदा चिखलात उतरले. ह्याचं जेवण गोड व्हावं म्हणून नवऱ्याला हाताला धरून आणला. आणि ह्याने पहिला गोड घास खाल्ला तोच माझा माणूस उचलून दिला. आई मागून आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचा हात खरकटाच होता.

तो गेला. एजंट तोच, रस्ता तोच. ह्या वेळी "वरच्या बाजूला" असं खोटं बोलायची गरज नव्हती. जाताना जिन्यात भाभींनी त्याच्या हातात खजूर ठेवले. तो म्हणाला, अहो तिथे खजूरच खजूर आहेत, आणि सगळे हसले, मी सोडून.

पुढच्या कापणीनंतर पुन्हा असाच एक रविवार. भात यंदा बरा आला होता, आतलं अर्धं शेत भरल्यासारखं दिसत होतं आणि बाहेर तिवरं माणसाच्या डोक्यावर गेली होती. बाबा आता दर रविवारी चिंबोरी खायचे, दोन्ही बाजूंचं शेत येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, जणू ही कल्पना त्यांचीच. आम्ही ताटावर बसलो आणि माझा फोन वाजला. तोच होता, आवाज मोठा, आनंदाने फुटलेला. मोऱ्या बसल्या. ठेकेदार नवीन आहे, ऐकणारा आहे. पाणी पलीकडे गेलं. तो म्हातारा आला होता, त्याने ह्याला घरी नेऊन मासे भाजून घातले.

"ऐकलं," मी म्हणाले. "आता ये."



"पुढे अजून एक रस्ता आहे गं," तो म्हणाला. "त्याच्याखाली पण नाहीत."

मी फोन ठेवला. बाबांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी कालवणातली सर्वांत मोठी नांगी शोधली आणि स्वतःच्या हाताने माझ्या ताटाकडे आणली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"नको, बाबा," मी म्हणाले आणि ताटावर हात आडवा धरला. "मला नुसतं वरण वाढा."